पुरुषावर झालेली जबरदस्ती आणि जात: सोलापुरातून आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मित्र चोवीस वर्षांचा, यंत्रमागावर कामाला, बौद्ध, समलिंगी. घरी काही माहीत नाही. अ‍ॅपवर ओळख झालेल्या माणसाने खोलीवर बोलावले, तिथे दोघे निघाले. जबरदस्ती केली, मोबाइलवर शूटिंग केले, जातीवरून घाण बोलले. घटना परवा रात्रीची. पोलिसांत जावे तर "पुरुषासाठी कायदाच नाही" असे ऐकू येते. अमेरिकेत अशा प्रकरणांत वंशाचा संबंध असतो असे वाचले; आपल्याकडे जातीचा असतो, की आपणच उगाच जोडतोय?

संबंध असतो, आणि तो कुठे कसा येतो ते खाली लिहितो. पण आधी घड्याळ बघा. परवा रात्र म्हणजे बहात्तर तासांतले निम्म्याहून अधिक संपले आहेत. एचआयव्हीचा संसर्ग रोखणारा औषधांचा कोर्स, ज्याला पेप म्हणतात, बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. पहिल्या काही तासांत घेतला तर सर्वांत उत्तम. त्यानंतर त्याचा भरवसा उरत नाही. हे उत्तर पुरे वाचायच्या आधी मित्राला घेऊन सिव्हिल गाठा. दिवसा एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांचा विभाग, रात्री किंवा रविवारी कॅज्युअल्टी. "पेप हवे आहे, अमुक तासांपूर्वी संबंध आला, कंडोम नव्हता" एवढे एक वाक्य पुरते. कोण, कुठे, का हे त्या खिडकीवर सांगायची गरज नाही.

साधारणपणे एकच गोळी मिळते: टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डॉल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम एकत्र. रोज एक, ठरलेल्या वेळी, २८ दिवस. यंत्रमागावर पाळी बदलते, आज दिवसाची तर पुढच्या आठवड्यात रात्रीची, आणि गोळी चुकते ती इथेच. म्हणून वेळ पाळीला बांधू नका. मोबाइलला गजर लावून दोन्ही पाळ्यांत जमेल अशी वेळ धरा. अ‍ॅसिडिटीचे औषध, लोह किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर डॉल्युटेग्रॅव्हिर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची, नाहीतर ती अंगी लागत नाही. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी होते. त्यासाठी गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा.

त्याच भेटीत रक्त तपासून घ्या: एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. एचआयव्हीची तपासणी पुन्हा सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी करायची, डॉक्टर म्हणाले तर सहा महिन्यांनीही. कावीळ ब ची लस आधी घेतलेली नसेल तर आजच पहिला डोस, मग एक महिन्याने, मग सहा महिन्यांनी. जखम असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन, शिवाय परमा आणि क्लॅमिडियावरची औषधे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. गुदद्वारातून रक्त थांबत नसेल, ताप आला, पोट दगडासारखे घट्ट झाले, तर तो तातडीचा प्रसंग आहे. आतून फाटलेले असू शकते. साधी चीर असेल तर कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसणे आणि इसबगोल यांनी आराम पडतो, पण हे पुराव्याचे नमुने घेऊन झाल्यावरच.

शरीरावरचा पुरावा रुग्णालयात शहाण्णव तासांपर्यंत घेता येतो. म्हणून तक्रार करायची की नाही हे ठरले नसले तरी नमुने देऊन ठेवा. नंतर मन बदलले तर ते परत मिळवता येत नाहीत. त्या रात्रीचे कपडे धुतलेले नसतील तर प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये दमट राहून बुरशी धरते आणि डीएनए नासतो. ओला कपडा आधी सावलीत वाळवा. आंघोळ झाली असली तरी जा, बरेच काही शिल्लक असते. पेयातून काही दिल्याचा संशय असेल तर लघवीचा नमुना जितका लवकर तितका बरा, कारण काही गुंगीची औषधे बारा तासांतच शरीरातून निघून जातात.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की उपचार पोलिसांच्या कागदासाठी थांबत नाहीत, आणि पीडिताच्या पूर्वीच्या लैंगिक संबंधांविषयी काही नोंदवायचे नाही. तरीही समलिंगी पुरुष समोर आला की काही ठिकाणी जुन्या पुस्तकातला "सवयीचा", म्हणजे अशा संबंधांना सरावलेला, हा शब्द हाताखालून उतरतो. तो एक शब्द पुढे न्यायालयात सगळी केस खाऊन टाकतो. तपासणी सुरू होण्यापूर्वीच शांतपणे म्हणा, "डॉक्टर, आजच्या जखमांची नोंद करा, पूर्वीच्या संबंधांविषयी काही लिहू नका." हकिकत मित्राच्या शब्दांत, तो बोलतो त्या भाषेत घ्यायला सांगा. सोलापुरात घरची भाषा तेलुगू, कानडी किंवा दखनी असू शकते, आणि घाबरलेला माणूस दुसऱ्या भाषेत अर्धे गाळतो. एमएलसी, म्हणजे पोलीस-प्रकरण म्हणून झालेल्या वैद्यकीय नोंदीचा क्रमांक लिहून घ्या, अहवालाची प्रत मागा. रुग्णालय पोलिसांना कळवते, पण तक्रार द्यायची की नाही हे मित्र ठरवतो. नको असेल तर तसा नकार नोंदवून उपचार घेता येतात.

आता जात.

अमेरिकेतल्या सरकारी पाहणीत, २०१० च्या आकड्यांप्रमाणे, बलात्कार सोडून इतर लैंगिक अत्याचार आयुष्यात कधीतरी झाल्याचे सुमारे ४० टक्के समलिंगी आणि ४७ टक्के उभयलिंगी पुरुषांनी सांगितले. भिन्नलिंगी पुरुषांत हे प्रमाण २१ टक्के होते. तिथे वंशाचा भाग येतो तो असा: काळा पुरुष हा हल्ला करणारा, तो सोसणारा कसा असेल, ही समजूत डॉक्टर, पोलीस, न्यायालय सगळीकडे मुरलेली आहे. त्यामुळे काळ्या समलिंगी पुरुषाला आधी पीडित म्हणून मान्यताच मिळत नाही. आपल्याकडे जात तसेच काम करते, पण तिची वाट वेगळी आहे. वंश कातडीवर दिसतो. जात विचारून घ्यावी लागते. "आडनाव काय?" "कुठल्या पेठेत राहतोस?" "गाव कुठलं?" हे अ‍ॅपवर रोज विचारले जाते. आणि हाच विचारण्याचा मजकूर पुढे तुमचा सर्वांत मोठा पुरावा ठरू शकतो.

का, ते नीट समजून घ्या, कारण बरेच वकीलसुद्धा इथे घसरतात. भारतीय दंड संहितेचे कलम ३७७, म्हणजे "अनैसर्गिक" संभोगाचे कलम, सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला संमतीच्या संबंधांपुरते निष्प्रभ केले. जबरदस्तीसाठी ते शिल्लक होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि त्यात ते कलमच नाही. बलात्काराचे कलम ६३ स्त्रीवर पुरुषाने केलेल्या कृत्यापुरते आहे. म्हणून प्रौढ पुरुषावरच्या बलात्काराला आज स्वतंत्र कलम नाही, हे तुम्ही ऐकले ते खरे. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असती तर ३७७ लागलेच असते. मित्र अठराच्या आत असता तर पोक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागला असता, त्यात मुलगा-मुलगी भेद नाही.

३७७ गेल्याचा दलित पुरुषाला दुहेरी फटका बसला आहे, आणि त्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(२)(५) म्हणते की दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेचा गुन्हा पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे हे माहीत असून केला, तर जन्मठेप. ३७७ त्या दहा वर्षांच्या पट्ट्यात बसत होते. ते गेले आणि जन्मठेपेचा दरवाजा उघडणारी किल्लीच गेली. आता ती किल्ली दुसऱ्या कलमांतून शोधावी लागते, आणि ठाण्यातला अंमलदार आपणहून शोधत नाही.

म्हणून तक्रार लिहिताना "अनैसर्गिक कृत्य केले" एवढ्यावर थांबू नका. काय काय घडले ते क्रमाने लिहा, प्रत्येक कृती वेगळी. दार लावून कोंडले: बेकायदा कैद, न्याय संहितेचे कलम १२७. मारले: ११५(२). शस्त्र दाखवले वा वापरले: ११८. पेयात काही घातले: १२३, दहा वर्षांपर्यंत. फसवून किंवा बळाने एका जागेहून दुसरीकडे नेले आणि हेतू हाच होता: १४०(४), दहा वर्षांपर्यंत; तिथे "अनैसर्गिक वासना" हे जुने शब्द नव्या संहितेतही राहिले आहेत. पैसे हिसकावले तर ३०९, धमकावून मागितले तर ३०८. जिवे मारण्याची, बदनामीची धमकी: ३५१. शूटिंगसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ई, आणि क्लिप कुणाला पाठवली असेल तर ६७ए. यातली १२३, १४०(४), ३०९ अशी कलमे दहा वर्षांच्या पट्ट्यात बसतात आणि ३(२)(५) चा मार्ग पुन्हा मोकळा करतात. कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी, म्हणजे दुखापत, अटकाव, धमकी यांसाठी, अ‍ॅट्रॉसिटीचे ३(२)(५ए) आहे.

एक बारीक पण मोलाची गोष्ट. नव्या संहितेत गंभीर दुखापतीची व्याख्या पंधरा दिवसांची आहे: पंधरा दिवस तीव्र वेदना, किंवा तेवढे दिवस रोजचे काम करता न येणे. मित्र मागावर उभा राहू शकत नसेल तर हजेरीपटाची नोंद आणि पंधराव्या दिवसानंतरचा डॉक्टरांचा कागद, दोन्ही ठेवा. एक वर्षाच्या शिक्षेचा गुन्हा त्यामुळे सात वर्षांच्या गुन्ह्यात जाऊ शकतो.

अ‍ॅट्रॉसिटीत "शिवीगाळ" म्हणून लागणारी ३(१)(आर) आणि ३(१)(एस) ही कलमे लोकांच्या नजरेत घडलेल्या अपमानासाठी आहेत. बंद खोलीत आरोपींशिवाय दुसरे कुणी नव्हते तर न्यायालयात ती टिकणे कठीण. पण ३(१)(ई) हे कलम, म्हणजे बळाने कपडे उतरवणे किंवा मानवी प्रतिष्ठेला काळिमा फासणारे तशासारखे कृत्य करणे, त्याला लोकांच्या नजरेची अट नाही आणि त्यात स्त्री-पुरुष भेदही नाही. तक्रारीत हे कलम नावानिशी मागा. आडनावाचा मुद्दा इथे परत येतो: २०१६ पासून आरोपीला जात "माहीत होती" एवढे पुरते, आणि त्याची पीडिताशी किंवा त्याच्या घरच्यांशी वैयक्तिक ओळख असेल तर माहीत होती असेच न्यायालय धरून चालते. चॅटमध्ये "तू अमुकपैकी का?" असे विचारलेले असेल तर ते सोन्यासारखे जपा. २०१६ पूर्वी "जातीच्या कारणावरूनच केले" हे सिद्ध करावे लागे. २०२१ मध्ये पाटण जमाल वली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जात, लिंग आणि अपंगत्व एकमेकांत कसे गुंतते यावर विस्ताराने लिहिले, तरी घटना जुन्या तरतुदीखालची असल्याने अ‍ॅट्रॉसिटीखालची शिक्षा टिकली नाही. तो निकाल वकिलाला दाखवा.

बोललेले जातिवाचक शब्द जसेच्या तसे लिहा, "जातीवरून बोलले" असे मोघम नको. त्यांना जात कशी कळली, केव्हा कळली, कळल्यावर वागणे बदलले का, हेही लिहा. डॉक्टरांच्या हकिकतीत ते शब्द पहिल्या दिवसापासून असावेत. पंधरा दिवसांनी पुरवणी जबाबात आले की बचाव पक्ष "मागाहून शिकवले" म्हणतो.

चॅट जपण्याविषयी. अ‍ॅप काढून टाकू नका, समोरच्याला ब्लॉक करण्याची घाई करू नका. काही अ‍ॅपवर ब्लॉक करताच सगळी बातचीत नाहीशी होते. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात प्रोफाइल, तारीख, वेळ दिसू द्या, आणि दुसऱ्या फोनवरून स्क्रीन वरखाली करतानाचा व्हिडिओही घ्या. मूळ फोन विकू नका, रिसेट करू नका. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते, वकील ते करून देतात. पैसे मागत असतील तर देऊ नका, एकदा दिले की मागणे थांबत नाही. दिले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. क्लिप पसरण्याची भीती असेल तर स्टॉपएनसीआयआय या सेवेवर क्लिप न देता तिची डिजिटल खूण तयार होते आणि सहभागी संकेतस्थळे ती अडवतात. त्यासाठी क्लिप स्वतःच्या फोनवर असावी लागते, ही तिची मर्यादा.

आता कोणाला हा कायदा लागतो आणि कोणाला नाही, कारण सोलापुरात हा घोळ मोठा आहे. बौद्ध १९९० पासून अनुसूचित जातीत येतात, म्हणून तुमच्या मित्राला लागतो. ख्रिस्ती किंवा मुसलमान झालेल्या दलिताला लागत नाही. सेटलमेंट भागातल्या अनेकांना तर सर्वांत विचित्र वागणूक आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना तारेच्या कुंपणात कोंडले आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला मोकळे केले, ते विमुक्त म्हणून नोंदले गेले. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातीत आहे, सोलापुरात विमुक्त जातीत. म्हणजे इथल्या कैकाडी मुलाला अ‍ॅट्रॉसिटीचे संरक्षण नाही. आणि ठाण्यात आडनाव सांगताच तक्रारदाराकडे संशयित म्हणून पाहिले जाते, ही भीती पिढ्यांची आहे. अशा मुलाला एकट्याने ठाण्यात पाठवू नका. लेखी तक्रार, पोच घेऊन. घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) प्रमाणे शहरात पोलीस आयुक्तांना, तालुक्यात पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने, आणि मग १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येतो. आपल्या पेठेतल्या ठाण्यात ओळखीचे कुणी असेल तर हा मार्ग धरा.

अ‍ॅट्रॉसिटीत पोलीस उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त दर्जाच्या खालचा अधिकारी तपास करू शकत नाही, आणि एफआयआरपूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. "आधी चौकशी करतो, मग बघू" असे कुणी म्हणाले तर कलम १८ए दाखवा. जातीचा दाखला हाताशी नसला तरी तक्रार द्या, तो नंतर जोडता येतो. आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर मात्र हा कायदा लागत नाही, तेव्हा संहितेचीच कलमे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पीडित वरच्या मानलेल्या जातीचा आणि आरोपी दलित किंवा मुसलमान असला की तेच ठाणे चपळ होते, नातेवाईक, पुढारी गोळा होतात, आणि मुलाचे दुःख बाजूला पडून ते कुणाच्या तरी हिशेबाला वापरले जाते. त्या मुलाच्या मनाविरुद्ध त्याचे समलिंगी असणेही तेव्हा चव्हाट्यावर येते. सोबत करणाऱ्याने अशा गर्दीपासून त्याला वाचवावे.

नावाच्या गुप्ततेविषयी गैरसमज नको. बलात्कारपीडितेचे नाव छापण्यास बंदी घालणारे कलम ७२ प्रौढ पुरुषाला आपोआप लागत नाही. म्हणून पहिल्याच टप्प्यावर वकिलामार्फत ओळख लपवण्याचा अर्ज द्या. वकील मोफत मिळतो: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, दूरध्वनी १५१००. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही, आणि औद्योगिक कामगार हाही त्या कायद्यात वेगळा पात्र गट आहे, त्यामुळे यंत्रमाग कामगाराने तोही आधार लिहावा. पीडितांना अर्थसाहाय्य देणारी राज्याची मनोधैर्य योजना स्त्रिया आणि मुलांसाठी आहे, प्रौढ पुरुषाला नाही. अ‍ॅट्रॉसिटी लागली तर समाज कल्याण विभागाकडून अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने मिळते, त्यासाठी कलमे एफआयआरमध्ये असावी लागतात.

मनाचे सांगतो. त्याला "तू गेलासच कशाला" विचारू नका. अ‍ॅपवर भेटायला जाणे म्हणजे पुढच्या सगळ्याला होकार नव्हे. बलात्कार हा शब्द बऱ्याच पुरुषांच्या तोंडी येत नाही, कारण तो बाईचा शब्द मानला जातो आणि पुरुषावरच्या जबरदस्तीला आपल्याकडे चौकातली शिवीच आहे. तो "लफडं झालं" म्हणत असेल तर तोच शब्द धरून ऐका. त्या वेळी शरीर गोठणे, ओरडता न येणे, लिंग ताठ होणे, वीर्य जाणे या भीतीच्या आणि स्पर्शाच्या शारीरिक प्रतिक्रिया आहेत. होकाराशी त्यांचा संबंध नाही. हे त्याने विचारले नाही तरी तुम्ही सांगा, कारण बहुतेक जण हाच काटा उरात ठेवून वर्षे काढतात. जातीवरचे शब्द अनेकदा जखमेहून जास्त टोचत राहतात. समुपदेशक "ते सोड, मूळ मुद्द्याचं बोल" म्हणाला तर समुपदेशक बदला. समलिंगी असणे "बरे करतो" म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नका, राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये त्याला व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. झोप उडणे, दचकणे पहिल्या महिन्यात बहुतेकांना होते; महिन्यानंतरही टिकले तर मनोविकारतज्ज्ञ हवा. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा, विचारल्याने ते वाढत नाहीत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. घरच्यांना कुणकुण लागली तर घाईने लग्न उरकण्याची धावपळ होते. तेव्हा त्याला राहायला दुसरी जागा आधीच पाहून ठेवा.

तो आज तक्रार नको म्हणाला तर आग्रह धरू नका. पण एक तारीख वहीत लिहून ठेवा. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांची, म्हणजे साधी दुखापत आणि काही प्रकारची कैद, मुदत घटनेपासून एक वर्ष; तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची, जसे ६६ई, तीन वर्षे; त्याहून मोठ्या गुन्ह्यांना मुदत नाही. कपड्यांच्या पिशव्या, एमएलसीचा कागद, फोन आणि आज रात्रीच त्याच्या शब्दांत लिहून, तारीख घालून, सही केलेली हकिकत तुमच्याकडे ठेवा. त्याच्या घरी सापडली तर नवे संकट उभे राहील.